आरसी ट्रकचं सस्पेन्शन आणि चाकांची अलाइनमेंट: कशाच्या आधी काय जुळवायचं

प्रश्न असा आहे: १/१० मापाचा, चारही चाकांना ड्राइव्ह असलेला, रिमोटवर चालणारा (आरसी) शॉर्ट कोर्स ट्रक, म्हणजे ऑफ-रोड शर्यतीच्या ट्रकची छोटी प्रतिकृती. कधी ट्रॅकवर, एरवी मोकळ्या मैदानात चालतो. वेगात उजवीकडे ओढतो, उडीनंतर दोन-तीनदा उसळतो, आणि पुढच्या टायरच्या आतल्या कडा झिजल्या आहेत. कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेरचा कल) बदलून पाहिला, ट्रिम (ट्रान्समीटरवरची स्टीअरिंगचा मध्य सरकवणारी कळ) फिरवून पाहिली, फरक पडला नाही. नेमकं काय जुळवायचं आणि कोणत्या क्रमाने?

क्रम विचारलात हे फार बरं झालं, कारण खरी अडचण तिथेच असते. राइड हाइट, म्हणजे चॅसीची जमिनीपासूनची उंची, ठरण्याआधी लावलेल्या कॅम्बरला अर्थ नसतो. चॅसी तीन मिलिमीटर खाली बसली की आर्मचा, म्हणजे चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या भुजेचा, कोन बदलतो आणि त्यासोबत कॅम्बरही. शॉकमध्ये (तेल भरलेल्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये) हवा असेल तर राइड हाइट दर वेळी वेगळी येते. आणि आर्मच अडकत असेल तर शॉक कितीही नीट भरा, मोजमाप खोटंच निघणार. म्हणून क्रम असा ठेवा: अडकणं आणि ढिलाई, मग शॉक, मग राइड हाइट, मग ड्रूप, मग स्टीअरिंगचा मध्य, मग कॅम्बर, मग टो (वरून पाहताना चाकांची पुढची टोकं आत, म्हणजे टो-इन, की बाहेर, म्हणजे टो-आउट), आणि शेवटी अँटी-रोल बार (डावं-उजवं सस्पेन्शन जोडून गाडीचा कल रोखणारी तार). मधली पायरी बदलली तर तिच्या पुढच्या सगळ्या पुन्हा तपासायच्या. हे कंटाळवाणं आहे खरं, पण एकदा नीट केलं की पुढे महिनोन्महिने फक्त बारीक फेरफार उरतात.

हत्यारं फार लागत नाहीत. १.५, २ आणि २.५ मिमीचे चांगल्या पोलादाचे हेक्स ड्रायव्हर, टर्नबकलचा (फिरवून लांबी बदलता येणाऱ्या दांड्याचा) पाना, डिजिटल व्हर्नियर, कॅम्बर गेज, राइड हाइट गेज. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सपाट पृष्ठभाग. जाड काच किंवा ग्रॅनाइटची फरशी उत्तम. घरातलं लाकडी टेबल बहुतेक वेळा मधे वाकलेलं असतं. पोलादी पट्टी उभी ठेवून तिच्याखालून उजेड दिसतो का ते आधी पाहा. टेबल तिरकं असेल तर ट्रक १८० अंश फिरवून पुन्हा मोजा. दोन्ही वेळा आकडे सारखे आले तर टेबलावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

अडकणं आणि ढिलाई

चारही शॉक काढा, अँटी-रोल बारच्या लिंक सोडवा. एकेक आर्म हाताने आडवा धरून सोडा. चाकासकट तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे, कुठेही न थांबता. थांबला तर कारणं साधारण तीनच असतात. हिंज पिन (आर्म जिच्याभोवती फिरतो ती) वाकलेली असते, पिनच्या भोकात माती बसलेली असते, किंवा बॉल कप (लिंकच्या टोकाची प्लास्टिकची वाटी) बॉलवर जास्त घट्ट असतो. पिन काढून काचेवर लोळवा. डुगडुगली तर बदला, सरळ करत बसू नका. भोक घट्ट असेल तर पिनच्या मापाचं रीमर हाताने फिरवा, ड्रिल लावू नका. ड्रिलने भोक मोठं होतं आणि अडकण्याच्या जागी ढिलाई येते, जी दुरुस्त करायला नवा आर्मच लागतो. बॉल कप घट्ट असेल तर बॉलवर बसलेला असतानाच बाहेरून पक्कडने हलकं दाबा. प्लास्टिक किंचित पसरतं आणि कप मोकळा फिरू लागतो. पिनांना तेल लावायचा मोह टाळा. त्या तेलात धूळ बसते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते.

आता उलट तपासणी. चाक वरून आणि खालून धरून हलवा, मग पुढून आणि मागून. थोडा प्ले सगळ्याच ट्रकमध्ये असतो, पण चाकाच्या कडेला दीड-दोन मिलिमीटर हालचाल जाणवली तर तो कुठून येतो ते शोधा: बेअरिंग, हेक्स (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा), किंगपिनचा (चाक जिच्याभोवती वळतं त्या पिनेचा) स्क्रू, बॉल कप की सर्व्हो सेव्हर (स्टीअरिंगच्या मोटरला, म्हणजे सर्व्होला, धक्क्यापासून वाचवणारा स्प्रिंगचा सांधा). दुसऱ्या माणसाला चाक हलवायला सांगून आपण एकेका सांध्यावर बोट ठेवलं की लगेच कळतं. एकूण ढिलाई दोन अंशांची असेल तर अर्ध्या अंशाचा टो लावण्यात वेळ घालवू नका. आधी कप आणि बेअरिंग बदला.

चाकं एकेक करून बोटाने फिरवा. गाडीचा ड्राइव्ह सुटा करून, म्हणजे पुढचे-मागचे ड्राइव्हशाफ्ट काढून, फक्त चाक आणि त्याची दोन बेअरिंग फिरतील असं करा. चारही सारख्या वेळात थांबली पाहिजेत. उजवीकडे ओढणाऱ्या ट्रकमध्ये पुढचं उजवं चाक इतरांपेक्षा लवकर थांबणं हे अगदी नेहमीचं कारण आहे, आणि ते कोणत्याही ट्रिमने जात नाही.

शॉक

उसळण्याचं उत्तर बहुधा इथे आहे. उडीनंतर ट्रक एकदा खाली बसून सरळ उभा राहावा. दोन-तीनदा उसळत असेल तर तेल पातळ झालंय, कमी झालंय, त्यात हवा आहे, किंवा स्प्रिंगच्या मानाने डॅम्पिंग अपुरं आहे. लोक घाईने कडक स्प्रिंग लावतात आणि उसळणं आणखी वाढतं, कारण कडक स्प्रिंग परत ढकलते जोरात आणि तिला रोखणारं तेल तेच राहतं.

शॉक सोडून जुनं तेल ओता. ते काळपट-करडं असेल तर बदलायची वेळ केव्हाच होऊन गेली आहे. दांडा उजेडात धरा. नखाला लागणारा ओरखडा असेल तर नवा ओ-रिंग टाकूनही गळती थांबणार नाही, दांडा बदला. सील बदलताना ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस किंवा तेच शॉक तेल लावा, पेट्रोलियमचं ग्रीस नको. नवीन सील बसवताना दांड्याचे आटे सीलला कापतात. आट्यांवर पातळ पिशवीचा तुकडा गुंडाळून किंवा तेल लावून हळू सरकवा.

तेल सिलिकॉनचंच. बाटलीवर तेलाच्या घट्टपणाचे डब्ल्यूटी (वेट) आणि सीएसटी (सेंटिस्टोक) असे दोन आकडे दिसतील. डब्ल्यूटीचा आकडा कंपनीगणिक वेगळा निघतो, म्हणून सीएसटी पाहून घ्या. ढोबळमानाने ३० डब्ल्यूटी म्हणजे ३५० सीएसटीच्या आसपास. तुमच्या ट्रकला सुरुवातीला पुढे ४५० आणि मागे ४०० सीएसटी घाला. तेल उन्हात तापून पातळ होतं, थंडीत घट्ट. हवामान पूर्ण बदललं की ५० सीएसटीने वर-खाली जाणं रास्त आहे.

भरण्याची पद्धत: दांडा पूर्ण बाहेर ओढा, शॉक उभा धरून काठापासून दोन-तीन मिलिमीटर खालपर्यंत तेल भरा. पिस्टन हळूहळू वर-खाली करा, पण तेलाच्या पातळीच्या वर येऊ देऊ नका, नाहीतर नवी हवा आत जाते. बुडबुडे येणं थांबलं की पिस्टन खाली ठेवून दहा मिनिटं तसंच उभं राहू द्या. मग काठोकाठ भरा. पुढचं टोपणाच्या प्रकारावर अवलंबून आहे. टोपणात रबरी ब्लॅडर असेल तर ब्लॅडर बसवून, दांडा अर्धा आत ठेवून टोपण आवळा, जादा तेल बाहेर येऊ द्या. टोपणावर बारीक ब्लीड (हवा काढायचा) स्क्रू असेल तर टोपण आवळा, स्क्रू काढा, दांडा हळू पूर्ण आत ढकला, भोकातून तेल आलं की दांडा धरून ठेवूनच स्क्रू लावा. अशा ब्लॅडर नसलेल्या शॉकमध्ये थोडी हवा तेलात मिसळलेली राहतेच. म्हणून गाडी बराच वेळ पडून असेल तर राइड हाइट मोजण्याआधी शॉक आठ-दहा वेळा दाबून घ्या.

आता जोडीने तपासा. डावा आणि उजवा शॉक स्प्रिंग न लावता शेजारी धरून एकदम दाबा. दोघेही सारख्या जोराने आत गेले पाहिजेत, आणि सोडल्यावर दांडा सारखाच बाहेर आला पाहिजे. एक १० मिमी बाहेर आला आणि दुसरा ३ मिमी, तर ते दोन शॉक नव्हेत, दोन वेगळ्या स्प्रिंग आहेत. पुन्हा ब्लीड करा. लांबीही बघा: पूर्ण उघडल्यावर डोळ्यापासून डोळ्यापर्यंत, म्हणजे दोन्ही टोकांच्या भोकांमधलं अंतर, व्हर्नियरने मोजा आणि खालचा प्लास्टिकचा कप फिरवून ०.२ मिमीच्या आत सारखी करा. ड्रूपचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो.

पिस्टनबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण उडी मारणाऱ्या ट्रकमध्ये हा भाग निर्णायक आहे. बारीक भोकं आणि पातळ तेल, किंवा मोठी भोकं आणि घट्ट तेल, अशा दोन जोड्या हातात दाबून अगदी सारख्या वाटू शकतात. जमिनीवर त्या वेगळ्या वागतात. उंचावरून पडताना पिस्टन फार वेगाने सरकतो. बारीक भोकांतून तेवढं तेल निघून जायला वाट राहत नाही आणि शॉक एकाएकी कडक होतो. याला पॅक होणं म्हणतात. मोठ्या उड्यांना ते उपकारक आहे, चॅसी जमिनीवर आपटत नाही. पण लागोपाठ खड्ड्यांच्या जमिनीवर हाच पॅक चाकाला उडवतो. तुमचा वापर मिश्र आहे, तेव्हा मूळचे पिस्टन राहू द्या आणि आधी तेलावर काम करा. पिस्टन बदलायची वेळ आलीच तर भोकांचं एकूण क्षेत्रफळ काढून तुलना करा. उदाहरणार्थ, १.४ मिमीची तीन भोकं म्हणजे सुमारे ४.६ चौरस मिमी आणि १ मिमीची सहा भोकं म्हणजे सुमारे ४.७. क्षेत्रफळ जवळपास सारखं, तरी तेच तेल सहा भोकांच्या पिस्टनमध्ये सावकाश हालचालीला बरंच जड जातं. म्हणून पिस्टन बदलला की तेलही बदलावं लागतं.

राइड हाइट

शॉक बसवा, अँटी-रोल बार अजून सुटेच ठेवा. बॅटरी जागेवर, बॉडी चढवलेली, म्हणजे ट्रक जसा पळतो तसा. १५ सेंमी उंचीवरून सपाट सोडा, हलकेच पुढे-मागे ढकला, मग चॅसीच्या तळापासून जमिनीपर्यंतचं अंतर पुढे आणि मागे मोजा. तीनदा सोडून तिन्ही आकडे अर्ध्या मिलिमीटरच्या आत येतात का बघा. येत नसतील तर कुठेतरी अजून अडकतंय, पहिल्या पायरीवर परत जा.

शॉर्ट कोर्स ट्रकसाठी २४ ते २८ मिमी ही कामाची पट्टी आहे. सपाट, घट्ट जमिनीला खालचं टोक, खडबडीत मैदानाला वरचं. सुरुवातीला पुढे-मागे दोन्हीकडे २६ ठेवा. मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर त्यालाच मान द्या. मोठ्या मॉन्स्टर ट्रकना हा आकडा लागू नाही. तिथे आर्म जमिनीला समांतर किंवा बाहेरचं टोक किंचित खाली, असा नजरेचा अंदाज चांगला चालतो.

उंची कॉलर, म्हणजे शॉकवरची स्प्रिंग दाबणारी चकती, फिरवून बदलायची. इथे एक गैरसमज फार पसरला आहे: कॉलर आवळला की स्प्रिंग कडक होते. नाही होत. सरळ गुंडाळलेल्या स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या आणि व्यास यांवर ठरतो. कॉलरने फक्त चॅसी वर येते आणि चाकाला खाली जायला उरलेली जागा कमी होते. उडीनंतर चॅसी आपटते म्हणून कॉलर आवळत गेलात तर शेवटी चाकं लटकायलाच जागा राहत नाही आणि ट्रक प्रत्येक खड्ड्यावर उडतो. ठरलेली उंची गाठायला कॉलर १० मिमीहून जास्त खाली न्यावा लागत असेल तर एक पायरी कडक स्प्रिंग घ्या.

डाव्या-उजव्या कॉलरचं अंतर व्हर्नियरने मोजून सारखं ठेवा. बॅटरी एका बाजूला असलेल्या चॅसीत मिलिमीटरभर फरक चालतो. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर वजन पुन्हा मांडा, स्प्रिंगकडून ते भरून काढू नका.

शॉक कोणत्या भोकात लावलाय तेही याच वेळी बघा. टॉवरवर (शॉकचं वरचं टोक जिला लावतात त्या उभ्या प्लेटवर) आतलं भोक घेतलं की शॉक जास्त आडवा होतो, सुरुवातीची हालचाल मऊ होते आणि पुढे कडक होत जाते. आर्मवर बाहेरचं भोक घेतलं की तरफ बदलते. समजा आर्म १०० मिमीचा आणि शॉक ६० वरून ६६ मिमीवर नेला, तर चाकाला जाणवणारा कडकपणा दोन्ही अंतरांच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे २१ टक्के वाढतो. एवढा फरक अनेकदा पुढच्या क्रमांकाच्या स्प्रिंगपेक्षाही मोठा असतो. भोक बदललं की उंची आणि ड्रूप दोन्ही पुन्हा मोजायचे.

ड्रूप

ड्रूप म्हणजे उभ्या स्थितीतून चाक आणखी किती खाली लटकू शकतं. कॅम्बरइतकी याची चर्चा होत नाही, पण मातीवर चालणाऱ्या ट्रकमध्ये मला हा कॅम्बरहून मोठा वाटतो. मोजायला सोपा: चॅसीच्या पुढच्या टोकाला पट्टी उभी धरा, चॅसी हळू वर उचला, आणि चाक जमिनीवरून सुटण्याच्या क्षणी चॅसी किती वर आली ते वाचा. डावं आणि उजवं चाक एकाच क्षणी सुटलं पाहिजे.

पुढचा ड्रूप कमी केला की ॲक्सिलरेटर दाबल्यावर नाक कमी उठतं आणि वळणातून बाहेर पडताना स्टीअरिंग राहतं. मागचा ड्रूप वाढवला की थ्रॉटल सोडल्यावर वजन पुढे सरकायला वाव मिळतो आणि वळणात शिरताना ट्रक चटकन वळतो. तो फारच वाढवला तर ब्रेकवर मागची बाजू हलकी पडून फिरते. खडबडीत जमिनीवर दोन्हीकडे भरपूर ठेवा. कमी करायचा असेल तर आर्मवरचा ड्रूप स्क्रू, आणि तो नसेल तर शॉकच्या आत पिस्टनखाली १ ते २ मिमीचा स्पेसर. स्पेसर दोन्ही बाजूंना मोजून सारखाच.

स्टीअरिंगचा मध्य

मोटरच्या वायर सोडवा किंवा पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर) मागे घ्या, म्हणजे टेबलावर काम चालू असताना ट्रक पळणार नाही. आधी ट्रान्समीटर चालू, मग ट्रक. ट्रिम आणि सब-ट्रिम दोन्ही शून्यावर आणा. सर्व्हो हॉर्न (सर्व्होच्या दांड्यावरचा छोटा हात) काढून असा बसवा की तो लिंकला ९० अंशांच्या जास्तीत जास्त जवळ येईल. दातांमुळे अगदी ९० येत नाही, उरलेला एखादा अंश सब-ट्रिमने घ्या. मग बेलक्रँक (सर्व्होची हालचाल टाय रॉडपर्यंत नेणारा सांधा) चॅसीच्या मध्यरेषेशी सममित आहे का ते पाहा आणि सर्व्होची लिंक त्याप्रमाणे लांब-आखूड करा. यानंतरच टाय रॉडला (बेलक्रँकपासून चाकापर्यंतच्या दांड्याला) हात लावायचा. ट्रिम मधोमध असताना चाकं सरळ नसतील आणि तुम्ही ट्रिमने सरळ केलीत, तर एका बाजूला ट्रक जास्त वळेल, दुसरीकडे कमी, आणि सर्व्हो एका टोकाला दाबून तापत राहील. एंड पॉइंट, म्हणजे सर्व्होच्या फिरण्याची टोकाची मर्यादा, सगळ्यात शेवटी लावा: चाक थांब्याला टेकतं तिथून किंचित अलीकडे.

कॅम्बर आणि टो

टर्नबकलच्या एका टोकाला उजवे आटे असतात, दुसऱ्याला डावे. मधल्या षटकोनाजवळ ज्या बाजूला खाच असते ती सहसा डाव्या आट्यांची. सगळे टर्नबकल खाच एकाच दिशेला ठेवून लावा, म्हणजे पाना कुठे फिरवल्यावर लांबी वाढते हे दर वेळी आठवावं लागत नाही. ३ मिमीच्या टर्नबकलचा पिच ०.५ मिमी असतो. दोन्ही टोकं एकदम सरकत असल्याने एका पूर्ण फेऱ्याला लांबी १ मिमी बदलते. खालची आर्मची पिन आणि वरच्या लिंकचा बॉल यांत ३० मिमी अंतर असेल तर त्या एका मिलिमीटरने कॅम्बर जवळपास २ अंश बदलतो. म्हणजे अर्धा फेरा साधारण एक अंश. टाय रॉडला हे आणखी नाजूक आहे: किंगपिनपासून बॉल २० मिमीवर असेल तर एका फेऱ्यात सुमारे ३ अंश. तिथे पाव फेऱ्याच्या भाषेत विचार करा.

कॅम्बर ठरलेल्या राइड हाइटवर, चाकं सरळ ठेवून, प्रत्येक बदलानंतर ट्रक थोडा पुढे-मागे लोळवून मोजा. न लोळवता मोजलं तर टायर जमिनीला चिकटून चाक तिरकं धरून ठेवतो. पुढे उणे १ आणि मागे उणे १.५ ते २ अंश ही चांगली सुरुवात आहे (उणे म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कललेला). धन कॅम्बर कुठेही नको.

आकड्याइतकीच लिंकची लांबी आणि तिचा उतार महत्त्वाचा. लिंक आखूड असेल तर आर्म वर जाताना कॅम्बर भराभर वाढतो. तुमच्या टायरच्या आतल्या कडा झिजण्यामागे हेही असू शकतं: टेबलावर उणे १ दाखवणारं चाक, चॅसी खाली दबल्यावर उणे ४ वर जातं. चॅसी हाताने अर्धी दाबून गेज लावा, लगेच दिसेल. टॉवरवर आतलं भोक घेऊन लिंक लांब करा, कॅम्बर पुन्हा उणे १ ला आणा.

टो मोजायला महागडं स्टेशन लागत नाही. दोन सारख्या सरळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, १५० मिमी लांबीच्या, टायर काढून हेक्सवर चाकाच्या नटने बसवा आणि जमिनीला समांतर धरा. चॅसीखाली ठोकळे देऊन ट्रक राइड हाइटला ठेवा. पुढच्या टोकांमधलं आणि मागच्या टोकांमधलं अंतर मोजा, वजा करा. प्रत्येक चाकाला १ अंश असेल तर फरक ५.२ मिमी येतो. टायरवरून मोजायचंच असेल तर ११० मिमी व्यासाला १ अंशाचा फरक ३.८ मिमी, पण रबर दबतं आणि हात थोडा हलला तरी मिलिमीटर जातो.

मागे प्रत्येक चाकाला २.५ ते ३ अंश टो-इन ठेवा. बहुतेक ट्रकमध्ये ते हिंज पिनच्या ब्लॉकने किंवा हबने ठरलेलं असतं, ते तसंच राहू द्या. पुढे शून्य ते १ अंश टो-आउट. टो-आउट वाढलं की वळायला तयार, पण सरळ रेषेत भिरभिरणारा ट्रक मिळतो, आणि आतल्या कडा घासतात. झीज बघून कारण ओळखता येतं: कडा सपाट, गुळगुळीत झिजली असेल तर कॅम्बर, टायरच्या दाण्यांची एक बाजू धारदार आणि दुसरी गोल झाली असेल तर टो. आणि कॅम्बर बदलला की टो बदलतोच, म्हणून शेवटचं माप नेहमी टोचं.

दोन टाय रॉड दोन वेगळ्या लांबीचे करून चाकं सरळ आणणं टाळा. लांबीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक लागतोय म्हणजे बेलक्रँक मध्यावर नाही किंवा काहीतरी वाकलंय. टर्नबकल फार उघडू नका. कपाच्या आत निदान पाच मिलिमीटर आटे राहिले पाहिजेत, नाहीतर पहिल्याच धडकेला रॉड उपटून येतो.

पुढची पट्टी लावलेलीच असताना शॉक तात्पुरते काढून आर्म वर-खाली करून पाहा. पट्टीचं टोक आत-बाहेर फिरत असेल तर तो बंप स्टीअर. स्टीअरिंगचा रॉड ॲक्सलच्या मागे असेल, आणि चाक वर जाताना टो-इन होत असेल, तर रॉडचं बाहेरचं टोक वर घ्या. बॉल स्टड वरून लावलेला असेल तर त्याच्याखाली ०.५ किंवा १ मिमीचा वॉशर घालून हे होतं. रॉड ॲक्सलच्या पुढे असेल तर उलट. खड्ड्यांत ट्रक स्वतःहून दिशा बदलतो अशी तक्रार असेल तर हे नक्की करा, कारण ट्रान्समीटरवरून ते कधीच सुटत नाही.

ट्वीक आणि अँटी-रोल बार

आता उजवीकडे ओढणं. ट्वीक म्हणजे चॅसी पिळलेली असणं किंवा कोपऱ्यांवरचा भार असमान असणं. ट्रक टेबलावर ठेवून चॅसीच्या पुढच्या टोकाखाली, बरोबर मध्यरेषेवर, हेक्स ड्रायव्हरचं टोक लावून हळू उचला. दोन्ही चाकं एकदम सुटली पाहिजेत. एक आधी सुटलं तर कोपऱ्यांवरचं वजन सारखं नाही. मागूनही तसंच करा. पुढचं उजवं चाक आधी सुटतंय म्हणजे तिथे भार कमी आहे, आणि तो मागच्या डाव्या कोपऱ्याच्या कॉलरनेही बदलतो हे लक्षात ठेवा, कारण कोपरे तिरके जोडलेले असतात. कॉलर सारखे असूनही फरक राहिला तर शॉक काढून चॅसी काचेवर ठेवा. डुगडुगली तर वरच्या प्लेटचे सगळे स्क्रू सैल करा, चॅसी काचेवर सपाट दाबून धरा आणि स्क्रू तिरक्या क्रमाने पुन्हा आवळा. पिळलेली चॅसी बऱ्याचदा फक्त एवढ्यानेच सरळ येते.

मग बार जोडा. जोडल्यावर उचलण्याची तपासणी पुन्हा करा. आधी ठीक होती आणि आता एक चाक लवकर सुटतंय, तर एका बाजूची लिंक लांब आहे. बार त्याच्या धारकांत हाताने मोकळा फिरला पाहिजे, पण आडवा सरकता कामा नये. बारच्या कडकपणात जाडीचा चौथा घात येतो, म्हणून २.३ वरून २.५ मिमीवर गेलात की बार सुमारे ४० टक्के कडक होतो. खडबडीत मैदानात बार सुटे ठेवले तरी चालतात.

जमिनीवर

सपाट, धूळ कमी असलेली लांब जागा घ्या. अर्ध्या वेगाने सरळ सोडा आणि हात स्टीअरिंगवरून काढा. थ्रॉटल नसताना, नुसता लोळताना ओढत असेल तर बेअरिंग, टायर किंवा ट्रिम. फक्त जोरात थ्रॉटल दिल्यावर ओढत असेल तर ट्वीक, किंवा डिफरेन्शियल जड फिरतंय. फक्त ब्रेकवर ओढत असेल तर पुढच्या दोन शॉकमधला फरक शोधा. टायरचा व्यासही मोजा: एका बाजूचा टायर झिजून दोन मिलिमीटर बारीक झाला असेल, किंवा त्याचा चिकटवलेला काठ सुटून वेगात फुगत असेल, तर अलाइनमेंट काही करू शकत नाही.

उसळण्यासाठी ट्रक ३० सेंमीवरून सपाट टाका. चॅसी जेमतेम जमिनीला टेकावी, फटका ऐकू येऊ नये, आणि ट्रक एकदाच वर येऊन थांबावा. फटका येतो आणि उसळतोही, तर तेल ५० ते १०० सीएसटीने वाढवा. फटका येतो पण उसळत नाही, तर स्प्रिंग एक पायरी कडक. फटका नाही पण उसळतो, तर तेल वाढवा किंवा स्प्रिंग मऊ करा. उडीत नाक खाली जात असेल तर ते बहुतेक वेळा उडीच्या चढावर मागची बाजू जोरात परत ढकलल्याने होतं. मागचं तेल एक पायरी घट्ट करून पाहा, आणि हवेत असताना थ्रॉटल एकदम सोडू नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदल कागदावर लिहा: तेल, पिस्टन, स्प्रिंग, भोकं, उंची, ड्रूप, कॅम्बर, टो. घट्ट पकडीच्या जमिनीवर ट्रक वळणात उलटायला लागला तर लिहिलेल्या आकड्यांवरून पुढे जाणं सोपं पडतं: राइड हाइट २ मिमी खाली, पुढचा बार एक पायरी जाड, पुढच्या टायरच्या बाहेरच्या भिंतीवर सायनोॲक्रिलेट गोंदाचा पातळ थर. हे याच क्रमाने, आणि दोन बदलांच्या मधे प्रत्येकी एक बॅटरी चालवून.